रीफ टँकचं पाणी यंत्राकडून तपासून घेताना: सांगलीतल्या घरातून सविस्तर

तासगावच्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. मागं एकदा तो घरी आला, माझ्या रीफ टँकखालच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखालच्या, कपाटात वाकून बघितलं आणि टकटक करत फिरणारा छोटा पंप दिसल्यावर म्हणाला, "हे काय आणि नवीन?" मी सांगितलं, टँकमधलं पन्नास मिली पाणी ओढतं, त्यात थोडंथोडं अ‍ॅसिड सोडतं आणि केएच, म्हणजे पाण्याची अ‍ॅसिड पचवायची ताकद, किती उरला ते मोबाईलवर टाकतं. दिवसातून चार वेळा. तो म्हणाला, "म्हणजे आमचं पान-देठ परीक्षणच की. फक्त बाग पाण्यात."

तुलना मला पटली. देठाचा रिपोर्ट हातात पडला म्हणून कोणी शहाणा बागायतदार त्याच संध्याकाळी ड्रिपमधून खताची पोती सोडत नाही. नमुना कुठल्या पानाचा घेतला, कधी घेतला, मागच्या वेळी काय आलं होतं, हे आधी बघतो. टेस्टिंग मशीन घेणाऱ्यांचं नेमकं इथंच चुकतं. मशीन आलं की त्याच दिवशी डोसिंग पंप, म्हणजे कोरलांना लागणारी द्रावणं मापानं टँकमध्ये सोडणारा पंप, त्याच्या हवाली करून ते मोकळे होतात. मीही तेच केलं होतं, त्याची हकिकत पुढं येईलच.

आधी गरज तपासा

टँकमध्ये फक्त मासे किंवा दोन-चार मऊ कोरल असतील तर हे यंत्र घेऊ नका. आठवड्याला एक हाताची टेस्ट आणि वेळेवर पाणी बदलणं एवढं पुरतं. एसपीएस, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरासारखी कडक सांगाड्याची कोरल भरपूर असतील आणि केएच रोज अर्धा-एक अंशानं खाली येत असेल, तरच यंत्राचा खर्च सत्कारणी लागतो.

कोरलबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. मालवणला फिरायला गेलं की किनाऱ्यावरून किंवा डायव्हिंग करताना तुकडा उचलून आणायचा मोह होतो. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. आपल्या समुद्रातलं कोरल काढणं हा गुन्हा आहे. दुकानातून घेतानाही ते कुठून आलं आणि त्याची कागदपत्रं काय, हे विचारा. उत्तर देताना दुकानदार चाचरला तर तिथून निघा.

काय मोजायचं: केएच आधी, बाकीचं सवडीनं

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि केएच म्हणजे अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच असते (केएचचा अंश म्हणतो तो हाच). कोरल सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याचा हिशोब ठरलेला आहे: १ डीकेएच खर्च झाला की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएम कमी होतं. म्हणजे केएच ८ वरून ७ वर आला तर आठवा हिस्सा गेला, आणि तेवढ्याच वेळात कॅल्शियम ४२० वरून ४१३. हा फरक घरगुती किटला नीट दिसतही नाही. म्हणून केएच रोज, कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला असा माझा क्रम आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट हातानंच तपासतो. ते एका रात्रीत उलटेपालटे होत नाहीत.

हा ७ पीपीएमचा हिशोब पुढंही कामाला येतो. आठवड्याभरात डोसिंगमधून दोन्ही सारख्या प्रमाणात देऊनही यंत्र म्हणतंय केएच स्थिर, पण कॅल्शियम ३० नं घसरलं, तर दोघांपैकी एक आकडा किंवा एक डोसिंग पंप खोटं बोलतोय.

यंत्रांचे प्रकार

पहिला प्रकार पीएच प्रोबवाला, म्हणजे पाण्यात बुडवून सामू मोजणाऱ्या कांडीचा. ठरावीक पाणी घ्यायचं, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडत जायचं, आणि सामू ४.५ च्या आसपास आला की किती अ‍ॅसिड लागलं त्यावरून केएच काढायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट लावून टायट्रेशन केलं असेल तर हे तेच, फक्त ब्युरेटच्या जागी पंप आणि डोळ्यांच्या जागी प्रोब. जीएचएलचा केएच डायरेक्टर, फोकसट्रॉनिकचं अल्काट्रॉनिक ही या घराण्यातली.

दुसरा प्रकार रंग बघणारा. नेपच्यूनचं ट्रायडेंट रंगबदल प्रकाशानं टिपतं आणि केएचसोबत कॅल्शियम, मॅग्नेशियमही देतं. त्याला त्याच कंपनीचा एपेक्स कंट्रोलर लागतो. नेहमीच्या वेळापत्रकावर, म्हणजे दिवसाला केएच चार वेळा आणि बाकी दोन वेळा, रिएजंटचा, म्हणजे टेस्टला लागणाऱ्या रसायनांचा, संच साधारण दोन महिने पुरतो. तिसरा म्हणजे रीफबॉटसारखा रोबो, जो बाजारातली नेहमीची टेस्ट किटच स्वतःच्या हातानं करतो. जीएचएलचा आयन डायरेक्टर वेगळा, त्यात प्रत्येक घटकाला स्वतंत्र इलेक्ट्रोड असतो.

माझं मत सरळ आहे. सांगली-साताऱ्यात राहणाऱ्यानं यंत्राच्या आधी रिएजंटचा विचार करावा. संपल्यावर किती दिवसांत मिळेल, बाटलीची मुदत किती, उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत तीन दिवस तापली तर काय, हे विक्रेत्याला विचारा. काही कंपन्यांचं केएच रिएजंट घट्ट स्वरूपात येतं आणि घरी आरओ-डीआय, म्हणजे सगळे क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात पातळ करायचं असतं. लांब राहणाऱ्याला हे सोयीचं. एक बाटली वापरात आणि एक कपाटात, याशिवाय यंत्र सुरूच करू नका.

पहिले पंधरा दिवस: यंत्र खोक्यातच

यंत्र घरी आलं तरी पंधरा दिवस रोज एकाच वेळी हातानं केएच तपासा आणि वहीत लिहा. सालिफर्टचं थेंबांचं किट किंवा हॅनाचं एचआय ७७२ चेकर, काहीही चालेल. चेकरचा आकडा अर्धा-पाऊण अंश इकडंतिकडं असू शकतो, हे लक्षात ठेवा. आपल्याला हवी आहे ती चाल.

यातच एक दिवस डोसिंग पूर्ण बंद ठेवून खरा खप काढा. माझ्याकडं सकाळी ८.४ होता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ७.६. म्हणजे खप ०.८. टँक २०० लिटरचा, पण दगड-वाळू वजा जाता पाणी १७० लिटर. खायच्या सोड्यानं १ लिटर पाण्याचा केएच १ अंशानं वाढवायला ३० मिलिग्रॅम लागतात. तेव्हा ०.८ × ३० × १७०, म्हणजे सुमारे ४.१ ग्रॅम रोज. एक लिटर आरओ-डीआय पाण्यात ६० ग्रॅम सोडा विरघळवला तर रोज ६८ मिली. हा आकडा कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. पुढं यंत्र कधी "आज २०० मिली दे" म्हणालं, तर दारावरचा ६८ तुम्हाला थांबवेल.

बसवणं

यंत्र संपच्या, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या, वर, वाफेत ठेवू नका. बंद कपाटात मिठाची बुरशीसारखी पांढरी साय दोन महिन्यांत सगळ्या जोडांवर चढते. बाजूच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर, पण नळी फार लांब जाणार नाही इतपत जवळ.

नळीचं गणित लोक विसरतात. आतून ४ मिमी व्यासाच्या दोन मीटर नळीत २५ मिली पाणी मावतं. हे पाणी मागच्या टेस्टपासून तिथंच पडून असतं. यंत्राच्या सेटिंगमध्ये फ्लश म्हणजे नळी धुण्याचं प्रमाण याहून जास्त ठेवा, नाहीतर सकाळच्या सहाच्या टेस्टमध्ये अर्धं पाणी मध्यरात्रीचं असेल.

नळीचं टोक संपच्या अशा कप्प्यात ठेवा जिथं पाण्याची पातळी बदलत नाही. पाणी वर टँकमध्ये परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात बाष्पीभवनामुळं पातळी खाली-वर होते, तिथं नको. डोसिंगच्या नळीपासून लांब ठेवा, आणि डोस पडल्यावर तासभर टेस्ट होणार नाही अशा वेळा लावा. माझ्या वेळा सहा, बारा, सहा, बारा. तुलना करताना सकाळचा आकडा सकाळशीच करायचा, कारण दिवे चालू असताना कोरल जास्त केएच खातात.

वीज. जुन्या वाड्यातून किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नावालाच असतं. पाण्यात गळती करंट असला की पीएच प्रोबचा आकडा नाचतो. हीटर, पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) एकेक बंद करून बघा. एखादं बंद केल्यावर आकडा शांत झाला तर गुन्हेगार सापडला. ते उपकरण बदला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. ही बाब टँकइतकीच तुमच्या जिवाची आहे. यंत्र आणि वायफाय राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असू द्या. टेस्ट अर्धी झाली असताना वीज गेली की काही यंत्रं परत सुरू होताना अर्धवट नमुन्यावरच पुढं जातात. वीज आल्यानंतरचा पहिला आकडा मी कधीच धरत नाही.

कॅलिब्रेशन: इथं घाई नको

तीन गोष्टी तपासायच्या: प्रोब, पंप आणि शेवटी दोघं मिळून.

प्रोबला बफर, म्हणजे ठरलेल्या सामूची तयार द्रावणं, ४ आणि ७ चे लागतात, कारण टेस्टचा शेवट ४.५ च्या जवळ होतो. टँकचा सामू बघणारा प्रोब वेगळा, त्याला ७ आणि १०. बफर आणि प्रोब एकाच खोलीत तासभर ठेवून मग कॅलिब्रेट करा. प्रोब कधीही आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, तो त्यासाठीच्या केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) द्रावणात ठेवायचा. वर्ष-दीड वर्षात तो मंद होतो, आकडा स्थिरावायला वेळ लावतो. तेव्हा नवीन घ्या.

पंपासाठी सराफाकडं असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा मागवा. साधा चिनी काटाही चालतो. यंत्राला "५० मिली ओढ" असं सांगून आरओचं पाणी रिकाम्या कपात घ्या आणि वजन करा. २८ अंश सेल्सिअसला ५० मिली पाण्याचं वजन ४९.८ ग्रॅम भरतं. पाच वेळा करा. दरवेळी ४९ च्या आसपास येत असेल तर पंप कमी ओढतोय, आणि खरा ८ केएच असताना यंत्र ७.८५ च्या आसपास दाखवेल. पंपातली लवचिक नळी झिजत जाते, म्हणून हे दर दोन-तीन महिन्यांनी.

मग मुख्य परीक्षा. ज्याचा केएच आपल्याला आधीच माहीत आहे असं पाणी यंत्राला पाजायचं. ते घरीच बनतं. दहा लिटर आरओ-डीआय पाणी, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं, त्यात २.४० ग्रॅम खायचा सोडा. हे पाणी ८.० डीकेएचचं होतं. सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नको, पापडखार तर अजिबात नको. पहिल्यांदा बनवताना आईनं विचारलं होतं, "ढोकळ्याला एवढुसा सोडा?" काट्यावर वाटी ठेवून मी चमच्याच्या टोकानं एकेक कण टाकत होतो, २.३८, २.४१, परत काढला, २.४०. ढोकळ्याला चालेल ती चिमूट इथं चालत नाही.

हे पाणी यंत्राला पाच वेळा तपासायला द्या. पाचही आकडे ०.१ च्या आत हवेत. सगळे ७.७ आले तर यंत्र सातत्यानं ०.३ नं कमी सांगतंय, तेवढी दुरुस्ती सेटिंगमध्ये घालता येते. पण ७.४, ८.३, ७.९ असे विखुरले, तर दुरुस्ती घालून उपयोग नाही. नळीत हवा, सैल जोड किंवा मरू घातलेला प्रोब शोधा. रंगावर चालणाऱ्या यंत्रांना हे गोडं पाणी देऊ नका, त्यांच्यासोबत येणारं कॅलिब्रेशन द्रावणच वापरा आणि रिएजंट बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करा.

ज्यांना सोड्याचा भरवसा वाटत नाही त्यांच्यासाठी आपल्या भागातली एक सोय. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत सिंचनाच्या पाण्याचा रिपोर्ट करून मिळतो. त्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट बऱ्याचदा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये देतात. दोन्हींची बेरीज करून २.८ नं गुणलं की डीकेएच. तुमचं सोड्याचं पाणी बाटलीत घालून द्या, रिपोर्टमधली बेरीज २.८६ च्या आसपास आली पाहिजे. काउंटरवरचा माणूस विचारेल कुठल्या पिकासाठी. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तीन आठवडे फक्त बघायचं

आता यंत्र मोजेल आणि डोसिंग पंप तुमच्या ठरलेल्या ६८ मिलीवर चालेल. दोघांची ओळख करून द्यायची नाही. माझी चूक इथंच झाली होती.

मे महिना होता. कोल्हापूरला लग्न, दोन रात्री बाहेर. वाफ होऊन गेलेलं पाणी भरून काढणाऱ्या ऑटो टॉप-ऑफचा फ्लोट अडकला, संपमधली पातळी उतरली आणि नमुन्याची नळी निम्मी पाण्यात, निम्मी हवेत राहिली. यंत्र ५० मिली ओढतोय असं समजत होतं, येत होतं ४० मिली पाणी आणि बाकी हवा. खरा केएच ८.२, यंत्राला दिसला ६.६. ऑटो दुरुस्ती, म्हणजे यंत्रानं आकडा बघून डोस आपोआप बदलणं, चालू होती. त्यानं स्वतःला ८.२ दिसेपर्यंत सोडा ओतला. घरी येऊन हातानं तपासलं तर १०.२. मोबाईलवरचा आलेख मात्र सुरेख: थोडी घसरण, मग हळूहळू पूर्ववत. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची टोकं चार दिवसांत पांढरी पडली. दोन कॉलनी वाचल्या, एक गेली. यंत्राचा दोष नव्हता. त्याला जे पाजलं ते त्यानं मोजलं.

त्यामुळं तीन आठवडे आठवड्यातून दोनदा हाताची टेस्ट आणि यंत्राचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. फरक कायम सारखा असेल तर काळजी नाही. फरक वाढत चालला तर थांबा. आणि एका टेस्टपासून दुसऱ्या टेस्टपर्यंत सहा तासांत १ अंशाचा फरक दिसला, तर आधी यंत्रावर शंका घ्या, मग टँकवर.

ऑटो डोसिंग जोडताना

जोडायचंच असेल तर लगाम घालून. यंत्रानं ठरलेल्या डोसमध्ये जास्तीत जास्त १५ टक्के कमी-जास्त करावं, म्हणजे माझ्या ६८ चे ५८ ते ७८ मिली. त्यापलीकडं गेलं की डोस बदलायचा नाही, फक्त मोबाईलवर अलार्म द्यायचा. एक आकडा संशयास्पद आला तर लगेच दुसरी टेस्ट, आणि दोन्ही जुळले तरच कृती. सोड्याच्या द्रावणाची बाटलीही छोटी ठेवा. पाच लिटरच्या कॅनऐवजी आठवड्याला पुरेल एवढीच. सगळे सेन्सर एकदम चुकले तरी बाटलीत नाही ते टँकमध्ये पडू शकत नाही. कुठल्याही कारणानं केएच वाढवायचा झाला तर दिवसाला अर्धा अंश, फार तर एक.

मीठ गळतंय हे कळत नाही

प्रत्येक टेस्टचं ५० मिली पाणी वापरून टाकायचं असतं. त्यात रिएजंट मिसळलेलं असल्यानं ते वेगळ्या कॅनमध्ये जातं, टँकमध्ये परत नाही. दिवसाला चार टेस्ट म्हणजे २०० मिली, महिन्याला ६ लिटर. ही सहा लिटर जागा ऑटो टॉप-ऑफ गोड्या पाण्यानं भरतं. माझ्या १७० लिटर पाण्यातून महिन्याला साडेतीन टक्के मीठ गेलं, म्हणजे ३५ पीपीटीची (हजारात ३५ भाग मीठ) क्षारता ३४ च्या थोडी खाली. सहा महिने लक्ष दिलं नाही तर कोरल आकसल्यावर कारण शोधत बसाल. उपाय साधा: पाणी बदलताना जितकं काढलं त्यापेक्षा तेवढं जास्त खारं पाणी भरा आणि दर रविवारी रिफ्रॅक्टोमीटरनं क्षारता बघा. लहान टँकवाल्यांनी दिवसाला दोनच टेस्ट ठेवाव्यात.

उन्हाळ्यात उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पंख्याखाली टँक दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडवतो, आणि टॉप-ऑफची टाकी रिकामी राहिली तर क्षारता आणि केएच दोन्ही चढतात. केएच अचानक ०.२ नं वर दिसला की डोस कमी करण्याआधी टाकी बघा.

रिएजंट उन्हाळ्यात टँकच्या कपाटात ठेवू नका, आत दिव्यांची आणि पंपांची धग असते. घरातल्या थंड, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवा. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की नदीकाठच्या भागात वीज दोन-दोन दिवस जाते, ते २०१९ ला आपण पाहिलंच. अशा वेळी टेस्ट आणि डोसिंग दोन्ही बंद करून इन्व्हर्टरची सगळी ताकद पाणी हलवणाऱ्या पंपाला द्या. दोन दिवस केएच मोजला नाही तर कोरल मरत नाहीत, ऑक्सिजन नसेल तर मासे सकाळपर्यंतही टिकत नाहीत.

गावाला जाताना

ऑटो दुरुस्ती बंद, डोस ठरलेला. टॉप-ऑफची टाकी भरलेली, वापरलेल्या पाण्याचा कॅन रिकामा. तो भरून वाहिला तर फरशीवर आणि तिथून एक्स्टेन्शन बोर्डवर येतो. नमुन्याच्या नळीचं टोक क्लिपनं संपच्या तळाजवळ पक्कं. शेजाऱ्यांना किल्ली देऊन एवढंच सांगायचं: मोबाईलवरून मी म्हटलं तर हा लाल पट्टी लावलेला प्लग काढा. तो डोसिंग पंपाचा. बाकी कशाला हात लावायला सांगू नका. माझ्या शेजारच्या काकू मायेपोटी माशांना मूठभर खाणं घालून गेल्या होत्या, आणि त्या आठवड्याचा नायट्रेट कुठल्याही यंत्रानं सांगायची गरज पडली नाही.